यंत्र घेण्याआधी विद्यापीठं काय तपासतात

मागच्या वेळी आपण तीन कोटेशनं कशी मागवायची ते बोललो होतो. आजही खरेदीचंच बोलायचं आहे. पण शिलाई मशीन किंवा पिठाच्या गिरणीचं नाही. टॅब, ॲप, संगणकाची प्रणाली, अशा वस्तूंचं. ही खरेदी मोठमोठी विद्यापीठं कशी करतात आणि कुठे फसली, ते सांगणार आहे. विद्यापीठाचं आपल्याला काय करायचं, असं वाटेल. म्हणून आधी घरचं सांगते.

आमच्या प्रभागसंघानं गेल्या वर्षी गटांच्या हिशोबासाठी चार टॅब आणि त्यातलं ॲप घेतलं. विकायला आलेला मुलगा गोड बोलणारा होता. पडद्यावर त्यानं झरझर दाखवलं, बचत इथे भरा, कर्ज इथे, व्याज आपोआप निघतं. आम्ही टाळ्या वाजवल्या. ठराव झाला, चेक दिला.

आमच्या एका गटाच्या सचिव आहेत, त्यांना सगळे काकू म्हणतात. काचबिंदूनं त्यांचा एक डोळा गेलाय, दुसऱ्यानं अंधूक दिसतं. तरी अकरा वर्षं त्यांनी गटाचा हिशोब ठेवला. जाड स्केचपेननं वही लिहायच्या, आणि बायकांचे हप्ते तर तोंडपाठ. मोबाइल त्या बोलता करून वापरतात. टॉकबॅक नावाची सोय फोनमध्ये असते, बोट फिरवलं की जे बोटाखाली आहे ते फोन वाचून सांगतो. टॅब आल्यावर तीन महिन्यांत काकूंनी सचिवपद सोडलं. "मला आता जमत नाही गं," एवढंच म्हणाल्या. इतिवृत्तात लिहिलं गेलं, "प्रकृतीच्या कारणास्तव". ते माझ्याच अक्षरात आहे.

दिवाळीला आमच्या गावचा एक मुलगा पुण्याहून आला. जन्मापासून अंध, एम.ए. करतो. त्यानं तो टॅब हातात घेतला, टॉकबॅक सुरू केलं आणि बोट फिरवलं. टॅब म्हणाला, "बटण. बटण. बटण." कुठलं बटण बचतीचं, कुठलं कर्जाचं, काही नाही. बनवणाऱ्यानं बटणांना नावंच दिली नव्हती. तो म्हणाला, "ताई, काकूंच्या प्रकृतीला काही झालेलं नाही. तुम्ही घेताना बघितलं नाही, एवढंच. यावरून अमेरिकेत विद्यापीठं कोर्टात गेलीत." मग त्यानं जे सांगितलं आणि नंतर मी वाचलं, ते असं.

२००९ साल. ॲमेझॉन कंपनीनं किंडल डीएक्स नावाचं पुस्तक वाचायचं मोठं यंत्र काढलं, किंमत ४८९ डॉलर. जड पाठ्यपुस्तकांऐवजी मुलांच्या हाती हे द्यायचं, म्हणून अमेरिकेतल्या काही विद्यापीठांनी आणि कॉलेजांनी ते वापरून बघायचं ठरवलं. ॲरिझोना स्टेट, केस वेस्टर्न, पेस, रीड, प्रिन्स्टन ही त्यातली काही नावं. गंमत म्हणजे त्या यंत्रात पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवायची सोय होती. म्हणजे अंध मुलांना वरदानच की. पण पुस्तक निवडायची यादी मुकी होती. आतल्या खोलीत रेडिओ लागलाय आणि दाराला बाहेरून कुलूप आहे, तसं. त्याच वर्षी जूनमध्ये अंधांच्या दोन राष्ट्रीय संघटना आणि एक अंध विद्यार्थी ॲरिझोना स्टेट विद्यापीठाविरुद्ध कोर्टात गेले. म्हणणं साधं होतं. डोळस मुलाला वर्गात जे मिळतं ते मला त्याच वेळी मिळालं पाहिजे, आणि सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेला तसा कायदा आहे. तो कायदा १९७३ चा. १९९० मध्ये दिव्यांगांसाठी आणखी मोठा कायदा झाला.

मला कोर्टापेक्षाही पुढची गोष्ट जास्त आवडली. त्या नोव्हेंबरात विस्कॉन्सिन विद्यापीठ, मॅडिसन आणि सिराक्यूज विद्यापीठ यांनी थोडी यंत्रं आणून पाहिली आणि जाहीर सांगितलं, अंध मुलांना वापरता येत नाही तोवर आम्ही हे मोठ्या प्रमाणात घेणार नाही. पुढच्याच महिन्यात ॲमेझॉननं सांगितलं, यादी बोलती करू, आणि अक्षरंही आणखी मोठी करू. २०१० च्या ऑगस्टमध्ये नवीन किंडल आलं ते बोलत्या यादीसह. म्हणजे अशक्य काही नव्हतं. आधी कुणी मागितलंच नव्हतं. गिऱ्हाईक "नाही" म्हणालं तेव्हा झालं. इकडे जानेवारी २०१० मध्ये ॲरिझोनाचा दावा तडजोडीनं मिटला. केस वेस्टर्न, पेस आणि रीड यांनीही अमेरिकेच्या न्याय खात्याला लिहून दिलं, की अंधांना वापरता येणार नाही असं वाचनयंत्र आम्ही वर्गात लावणार नाही. जूनमध्ये दोन सरकारी खात्यांनी देशभरच्या कॉलेजांच्या प्रमुखांना पत्र धाडलं, सगळ्यांनी हे ध्यानात ठेवा.

तरी चूक एका वस्तूपुरती नसते. २०१० च्याच शेवटी पेन स्टेट या मोठ्या विद्यापीठाविरुद्ध तक्रार झाली. ग्रंथालयाची यादी, विभागांच्या वेबसाइट, अभ्यासक्रमाची प्रणाली, अंध माणसाला काहीच धड वापरता येत नव्हतं. आणि वर्गात गुरुजींसाठी जे यंत्राचं टेबल होतं, त्यावर बोटानं चालवायची सपाट काच. हाताला लागेल असं एकही बटण नाही. म्हणजे शिकवायला उभा राहिलेला अंध प्राध्यापक स्वतःच्याच वर्गात दुसऱ्यावर अवलंबून. हे ऐकलं तेव्हा मला काकूच दिसल्या. माणूस हुशार आहे, काम त्याचंच आहे, आणि मधे एक काच येते.

इथपर्यंत झालं वापरता येण्याचं. दुसरी बाजू माहितीची.

ब्लॅकबॉड नावाची अमेरिकन कंपनी आहे. देणग्यांचा आणि माजी विद्यार्थ्यांचा हिशोब ठेवायची प्रणाली ती विद्यापीठांना, दवाखान्यांना, धर्मादाय संस्थांना विकते. २०२० च्या फेब्रुवारीत चोर तिच्या संगणकांत शिरले आणि मेपर्यंत आत होते. कंपनीनं चोरांना खंडणी दिली आणि आपल्या गिऱ्हाइकांना सांगितलं जुलैमध्ये. १३ हजारांवर संस्था यात सापडल्या. अमेरिकेतली विद्यापीठं होती, ब्रिटनमधलीही होती. आधी कंपनी म्हणाली, बँकेच्या खात्यांना हात लागलेला नाही. मग कळलं, काहींचा लागला होता. पुढे २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ४९ राज्यांना मिळून तिनं ४ कोटी ९५ लाख डॉलर भरले. सरकारी चौकशीत आणखी एक बाब निघाली, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ज्यांनी कंपनीशी व्यवहार कधीच संपवला होता, अशा जुन्या गिऱ्हाइकांची माहितीसुद्धा तिनं वर्षानुवर्षं ठेवलेली होती. तुम्ही दुकान बदललं, पण तुमच्या घराची किल्ली जुन्या दुकानदाराकडेच राहिली. आणि चोरी झाली त्याच्याकडे.

यात विद्यापीठाच्या भिंतीला कुणी भोक पाडलं नव्हतं. माहिती गेली ती विकत घेतलेल्या वस्तूच्या दारातून. म्हणून आता तिथल्या पुष्कळ विद्यापीठांत संगणकाची कुठलीही वस्तू घेण्याआधी तपासणी होते. ती कशी, ते जरा सावकाश सांगते, कारण यातलं बरंचसं आपल्याला जसंच्या तसं उचलता येईल.

एखाद्या प्राध्यापकाला नवीन ॲप हवं असेल, तर तो आधी अर्ज भरतो. त्यावरून बघतात, किती जण वापरणार, वापरणं सक्तीचं आहे का, आणि त्यात माहिती कुठली जाणार. पाच जणांनी नकाशा बघायचं ॲप असेल तर थोडक्यात भागतं. हजारो मुलांच्या परीक्षेचं असेल, त्यात जन्मतारीख, फोटो, आजारपणाची माहिती, बँकेचा तपशील जाणार असेल, तर बारीक चाळणी लावतात. हे मला पटलं. सगळ्यालाच सारखी चाळणी लावली तर कामच होणार नाही, आणि मग लोक चाळणीच टाळतात.

मग विकणाऱ्याकडून दोन कागद मागतात. पहिल्याला व्हीपॅट म्हणतात. मतदान यंत्राजवळचं व्हीव्हीपॅट नव्हे, तो निव्वळ नावाचा योगायोग. यात एकेक मुद्दा असतो. चित्राला वाचता येईल असं नाव दिलंय का, माउसशिवाय फक्त कळफलकावर सगळं चालतं का, फक्त रंगावरून अर्थ समजायची सक्ती आहे का, व्हिडिओखाली बोललेलं लिहून येतं का. प्रत्येकासमोर विकणाऱ्यानं लिहायचं, पूर्ण चालतं, थोडं चालतं, चालत नाही, की लागू नाही. दुसरा कागद सुरक्षेचा. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या मंडळींनी २०१६ मध्ये मिळून एक लांबलचक प्रश्नावली केली, हेकव्हॅट तिचं नाव. माहिती कुठल्या देशातल्या संगणकावर राहते, ती कुलूपबंद असते का, तुमच्यातलं कोण कोण ती बघू शकतं, तुम्ही पुढे आणखी कुणाला काम देता, चोरी झाली तर किती दिवसांत कळवाल, करार संपल्यावर पुसून टाकाल का. एका विद्यापीठासाठी भरलेली उत्तरं दुसऱ्यालाही वापरता येतात. छोट्या कॉलेजाला एकट्यानं जमणारं नसतं, म्हणून ही युक्ती. पुढे त्याच प्रश्नावलीत दिव्यांगांच्या वापराचेही प्रश्न घातले.

पण मैत्रिणींनो, दोन्ही कागद भरतं कोण? विकणाराच. दूधवाल्याला विचारायचं, पाणी घातलंस का रे. म्हणून चांगली विद्यापीठं कागदावर थांबत नाहीत. माणूस बसवतात आणि वापरून बघतात. माउस बाजूला ठेवायचा. पडदा वाचणारी प्रणाली लावायची. अक्षरं दुप्पट मोठी करायची आणि बघायचं, ओळी पडद्याबाहेर पळतात का. एक खरं काम शेवटपर्यंत करायचं, जसं अर्ज भरून पाठवण्यापर्यंत. अर्ध्यावर अडलं तर ते न चालण्यासारखंच.

समजा कुठेच निर्दोष वस्तू मिळाली नाही. तसं होतं. मग घेतातही, पण लेखी ठरवून. कुठे अडतं, तोवर त्या मुलाची सोय काय, ती कोण करणार, आणि कंपनी दुरुस्ती कुठल्या तारखेपर्यंत करणार. तारीख करारात असते. सही झाल्यावर विनंती, सहीआधी अट, एवढाच काय तो फरक. यात वेळ जातो आणि तिथलेही प्राध्यापक कुरकुरतात, की साधं ॲप घ्यायला आठवडे का. कुरकुर खोटी नाही. पण काकूंचे गेलेले महिने त्यात कुणी मोजत नाही.

एक पळवाट मात्र आहे. फुकटची वस्तू. पैसे द्यायचे नाहीत म्हणजे खरेदी नाही, खरेदी नाही म्हणजे तपासणी नाही. एखाद्या शिक्षकाला फुकट ॲप आवडतं, तो मुलांना म्हणतो नाव, फोन, ईमेल टाका, झालं. फुकटच्या वस्तूचं मोल पुष्कळदा माहितीतच वसूल होतं. आपल्याकडे व्हॉट्सॲपवर कुणीतरी फॉर्मची लिंक टाकतं आणि आधार, पासबुकाचा फोटो टाकून आपण मोकळ्या होतो, ती हीच पळवाट.

आता थोडी अवघड गोष्ट. सुरक्षा बघणारा आणि दिव्यांगांची सोय बघणारा, हे दोघं वेगवेगळ्या खोल्यांत बसले की एकमेकांचं काम बिघडवतात. वेबसाइटवर वाकडीतिकडी अक्षरं ओळखून लिहा म्हणतात ना, ते चोरयंत्रांना अडवण्यासाठी असतं. पण अडतो कोण, अंध माणूस. ओटीपी थोड्या वेळात टाका नाहीतर बाद, हातात कंप असलेल्या आजीनं काय करायचं? परीक्षेत कॉपी होऊ नये म्हणून कॅमेऱ्यातून नजर ठेवणारी सॉफ्टवेअरं कोरोनात आली. ज्याची नजर स्थिर राहत नाही, त्याच्यावर ती संशय घेऊ शकतात. ओहायो राज्यात क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याला पेपरआधी कॅमेरा फिरवून आपली झोपायची खोली दाखवायला लावली. ऑगस्ट २०२२ मध्ये कोर्टानं सांगितलं, ही घराची झडती झाली, राज्यघटनेत बसत नाही. म्हणजे सुरक्षेच्या नावाखाली घेतलेली वस्तूसुद्धा तपासावी लागते.

हे सगळं दूरदेशीचं वाटत असेल तर मुंबई विद्यापीठाचं २०१७ साल आठवा. उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायची पद्धत त्या वर्षी घाईनं आणली. परीक्षा सुरू असताना कंत्राट दिलं गेलं. लाखो उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या, प्राध्यापकांना नीट सराव नाही. कायद्यानं ४५ दिवसांत लागायचे निकाल महिनोन्महिने रखडले. पुढच्या प्रवेशांची वाट बघत मुलं बसून राहिली. ऑक्टोबरात राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. तिथे प्रश्न अंध मुलांचा किंवा चोरीचा नव्हता. पण घेण्याआधी वापरून बघितलं नाही, ही गोष्ट तीच.

आपल्याकडे कायदे नाहीत असंही नाही. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यात माहिती तंत्रज्ञान दिव्यांगांना वापरता आलं पाहिजे असं कलम आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२२ मध्ये कॉलेजांसाठी सुगमतेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. आणि ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं मोठा निकाल दिला. बँकेच्या, सिमकार्डाच्या केवायसीला कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावायला सांगतात. ॲसिड हल्ल्यात डोळे, पापण्या गेलेल्या स्त्रियांनी काय मिचकावायचं? त्या आणि एक अंध नागरिक न्यायालयात गेले होते. न्यायालय म्हणालं, डिजिटल सोयी वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, केवायसीच्या पद्धती बदला. अंगणवाडीत पोषण आहारासाठी चेहरा दाखवायला लागतो, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. चेहरा जुळत नाही तेव्हा दुसरा मार्ग काय, हे विचारायला या निकालाचा आधार आहे.

माहितीसाठी २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात आले, तो टप्प्याटप्प्यानं लागू होतोय. त्यातलं एक तत्त्व गटांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे जी संस्था ठरवते, जबाबदार ती. पुढचं काम कंपनीला दिलं म्हणून ती सुटत नाही. म्हणजे बायकांचे आधार क्रमांक आपण प्रभागसंघ म्हणून ॲपमध्ये भरत असू, तर "कंपनीला विचारा" म्हणून हात झटकता येणार नाहीत.

आमच्या टॅबचं काय झालं ते सांगून थांबते. जानेवारीच्या बैठकीत मी ते इतिवृत्त वाचून दाखवलं आणि कारण चुकीचं लिहिलं होतं, अशी दुरुस्ती नोंदवून घेतली. एक-दोघी नाराज झाल्या, "झालं ते झालं" म्हणाल्या. मग कंपनीला पत्र लिहिलं, पाचच प्रश्नांचं. टॉकबॅकवर बचत भरता येते का. आमची माहिती कुठे राहते. तुमच्याकडे ती कोण बघतं. चोरी झाली तर किती दिवसांत कळवाल. आम्ही ॲप बंद केलं तर पुसाल का, आणि पुसल्याचं लेखी द्याल का.

दोन प्रश्नांची उत्तरं आली. माहिती मुंबईच्या सर्व्हरवर आहे, असं कळवलं. आणि बटणांना नावं देतो, दोन महिन्यांत नवीन आवृत्ती येईल, असं लिहून दिलं. पुसण्याबद्दल अवाक्षर नाही. दुसऱ्या वर्षाची फी मार्चमध्ये भरायची होती, ती आम्ही रोखून धरली आहे. ठरावात असं लिहिलंय, की नवीन आवृत्ती आधी काकूंच्या हातात द्यायची. एका गटाची अख्खी मासिक बैठक, सगळ्यांची बचत, दोन कर्जांचे हप्ते आणि एक दंड, हे त्यांनी कुणाच्या मदतीशिवाय भरून दाखवलं तर चेक निघेल. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "बघते. पण माझी वही मी टाकणार नाही हं."

नवीन आवृत्ती अजून आलेली नाही. तुमच्या गटानं किंवा ग्रामसंघानं असं काही घेतलं असेल, किंवा कुणी विकायला येणार असेल, तर केंद्रावर कळवा. आमच्या पत्राची प्रत मी केंद्रावर ठेवली आहे, झेरॉक्स काढून न्या.